सोकावलेला जंतू

हळद शिजवायचा कुकर म्हणजे घरातला कुकर नव्हे. मधे पाण्याची मोठी टाकी, तिच्याखाली जाळ, आणि टाकीतून नळ्या निघून बाजूच्या लोखंडी ड्रमांत वाफ जाते. ड्रमांत ओली हळद भरलेली असते. आमच्याकडे शिरड शहापूरच्या बाजूला आणि खाली पार वसमतपर्यंत, हळद निघायच्या दिवसांत ज्या शेताकडं पाहावं तिथं असा एखादा कुकर धूर सोडत उभा दिसतो. गावात तो एक-दोघांकडंच असतो आणि पाळीपाळीनं सगळ्यांच्या शेतात फिरतो. आमची पाळी होती त्या दिवशी नळी निसटली आणि माझ्या सुनेच्या अंगावर आली. वाफ आणि उकळतं पाणी. उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत गेला, आणि गळ्याखालची उजवी बाजू.

ती ओरडली नाही. मातीत खाली बसली आणि म्हणाली, "आत्या, लेकरायला इकडं येऊ देऊ नका."

मुलानं विहिरीवरची मोटार चालू केली आणि मी तिच्या हातावर पाण्याचा पाइप धरून उभी राहिले. दुसरं काही सुचलंच नाही म्हणून धरला. ते बराबर केलं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

तालुक्याच्या दवाखान्यात पट्टी बांधून त्यांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तो कोणत्या गावचा ते मी सांगत नाही. तिथं जे होतं त्यात तिथल्या माणसांनी केलं, आणि जे नव्हतं ते त्यांना कोणी दिलेलंच नव्हतं. नाव घेऊन बोल लावावा असं काही नाही.

भाजलेली सून आणि सोबत सासू दिसली, की सगळ्यांचे डोळे सासूकडं वळतात. वळायलाच पाहिजेत. तशा गोष्टी होतात, मीही पाहिल्यात. पोलीस जबाब घ्यायला आला तेव्हा मला बाहेर काढलं, पण दार नीट लागत नव्हतं, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

"घाबरायचं न्हाई बाई. सासूनं काही केलं का?"

"कोन, आत्यानं?" सून म्हणाली. "त्यायला कुठं फुरसत हाय साहेब, हळद काढून राहिल्या न."

"तसं न्हाई. त्रास देतात का?"

"बोलतात. तोंड लई खराब हाय त्यांचं. पन भाजत न्हाईत."

पोलीस हसतच बाहेर आला आणि माझ्याकडं पाहून परत हसला. मला राग यायला पाहिजे होता, पण हिला बोलता येतंय, टोमणा मारता येतोय, म्हणजे जीव जाग्यावर आहे असं वाटून मीही हसले.

तोंड खराब आहे हे तिनं खरंच सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून आमचं भांडण आहे आणि ते भाकरीवरून आहे. तिच्या माहेरी हट्ट्याला भाकरी पातळ करतात. ती अशी थापते की परातीतली भाकरी उचलली तर पलीकडचं दिसावं. मला जाड लागते, दाताला काही तरी लागलं पाहिजे. रोज मी म्हणते, "हा पापड कोणी खायचा?" आणि रोज ती म्हणते, "मंग तुमी करून घ्या." मी करत नाही, कारण तिच्या पातळ भाकरीला पोपडा चांगला सुटतो. हे तिला मी कधी सांगितलेलं नाही.

भाजलेल्यांचा वॉर्ड लांबट होता. दोन्ही भिंतींना खाटा, टोकाला एक नळ, त्यालाही पाणी असलं तर असलं. जखमा धुवायला एकच पत्र्याचा टब होता. एका पेशंटचं झालं की तो पुसायचा आणि दुसऱ्याला त्यात घ्यायचं. सिस्टर एकटी आणि खाटा कितीतरी. ती दिवसभर पळत असायची. मोठ्या अंगाची, मोठ्या आवाजाची, तांड्यावर वाढलेली बाई. तिच्या पायातल्या रबरी चपलांचा आवाज आला की आम्ही सगळे नातेवाईक खाटांवरून उठून उभे राहायचो.

शेजारच्या खाटेवर वारंगा फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणारी बाई होती. गॅसची शेगडी भडकून पोट आणि पाय भाजले होते. तिला जवळचं माणूस म्हणजे एक भाऊ, तो सकाळी येऊन तोंड दाखवायचा आणि कामाला जायचा. बाई पडल्या पडल्या सगळ्या वॉर्डाला हसवायची.

"इथला चहा प्याले आन मंग समजलं," ती म्हणायची, "मी फाट्यावर लोकायला काय अमृत पाजून राहिले होते."

आता शेजारी माणूस उपाशी पडलंय आणि आपण आपल्याच माणसाला भरवतोय, असं आमच्याकडं होत नाही. मी डाळ-भात कालवायचे, एक घास सुनेला, एक घास चहावालीला. हिची उशी सरकवायची, तिची चादर ओढायची, एकाच तांब्यातून दोघींना पाणी. सगळा वॉर्डच तसा चालत होता. पलीकडच्या खाटेवरच्या पोरीची आई चहावालीचे केस विंचरायची. दुसऱ्या एका म्हातारीनं माझ्या सुनेच्या तळपायाला तेल लावलं होतं. तिथं कोण कोणाचं, हे जेवणाच्या वेळी ओळखू आलं नसतं.

मग सुनेला ताप चढला. थंडी वाजून दात वाजायला लागले. पट्टी सोडली तर आतल्या कापडावर हिरवट डाग होता आणि एक वास येत होता, सडायला आलेल्या द्राक्षांसारखा, गोडसर. तो वास मला ओळखीचा होता. चहावालीची पट्टी सोडायचे तेव्हा तो आधीपासून यायचा.

डॉक्टर तरुण होते, झोप न झालेले. त्यांनी मला आणि माझ्या मुलाला जिन्याजवळ नेलं.

"आजी, जखमेत जंतू झालेत."

"मंग औषध द्या."

"देतोय. ते लागू पडत नाही. पू तपासायला पाठवला होता. हा जंतू जवळजवळ कोणत्याच औषधाला दाद देत नाही."

"काहून?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "इतक्या वेळा त्यानं ही औषधं पाहिलीत, की आता त्याला त्यांची सवय झाली."

"म्हंजे सोकावला," मी म्हणाले.

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "बरोबर. सोकावला."

सोकावणं काय असतं ते शेतकऱ्याच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. ढोर उभ्या हरभऱ्यात शिरलं आणि त्याला पार बाहेर काढून बांधून घातलं, तर ते पुन्हा विचार करतं. पण बांधावरूनच नुसतं ओरडलं, दोन ढेकळं मारली आणि ते चार पावलं मागं सरकल्यावर आपण घरी आलो, तर ते ढोर सोकावतं. दुसऱ्या दिवशी ओरडलं तर मानही वर करत नाही. अर्धवट हाकलण्यापेक्षा न हाकललेलं बरं, इतकं ते बेरड होतं.

डॉक्टरांनी विचारलं, आधी कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या का. आता याचं उत्तर काय देणार? आमच्या घरात भिंतीतल्या देवळीत गोळ्यांचं एक डबडं होतं. ताप आला की दुकानातून चार गोळ्या आणायच्या, दोन घेतल्या की ताप उतरतो, उरलेल्या दोन डबड्यात. पुढं कोणाचा घसा दुखला, कोणाला गळू झालं, की त्यातल्याच. एकदा माझ्या मुलानं शेळीला दिली होती, शेळीलाही बरं वाटलं. सगळं गाव असंच करतं. मी डॉक्टरांना आहे तसं सांगून टाकलं. ते म्हणाले, तिकडं गावात अर्धी अर्धी औषधं आणि इकडं दवाखान्यात ज्याला त्याला भारी औषधं, असा दोन्हीकडून तो सोकावलाय. पण तिच्या अंगावरचा हा इथलाच, वॉर्डातला आहे.

"आता काय करायचं?" माझ्या मुलानं विचारलं. इतका वेळ तो भिंतीचा पोपडा काढत उभा होता.

"एक इंजेक्शन उरलंय. जुनं आहे, किडनीला जड जातं. ते लागू पडलं तर जखम स्वच्छ होईल, मग मांडीची कातडी काढून हातावर बसवू. नाही पडलं तर जंतू रक्तात जाईल."

"मंग हात काढावा लागंल?" मी विचारलं.

"तेव्हा हाताचा प्रश्न राहणार नाही, आजी."

मुलाला रडू आलं. मी त्याला म्हणाले, रडायचं तर खाली जाऊन रड, आणि येताना इंजेक्शन कुठं मिळतं ते विचारून ये. ते नांदेडला मिळालं.

सिस्टरनं त्याच दिवशी कोपऱ्यातली सामानाची खोली रिकामी करायला घेतली. मोडक्या खाटा, सलाईनचे स्टँड, सगळं बाहेर. माझी सून आणि चहावाली, दोघींना एकच जंतू, म्हणून दोघी त्या खोलीत. तिनं मला समोर उभं करून बजावलं.

"एकीपाशी एकच माणूस. आत जाताना साबणानं हात, कोपरापर्यंत. बाहेर येताना परत. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर काही जाणार नाही. ताट नाही, चादर नाही, माया नाही. माया लांबून करायची."

"म्हंजे हे माझ्या हातानं गेलं का?" मी विचारलं.

"तुमच्या, माझ्या, त्या टबाच्या. काय माहीत? पुढं जाऊ नये एवढं बघा."

ती मला खोटं काही तरी सांगून समजावत बसली नाही, हे मला आवडलं. त्या दिवसापासून टब त्या दोघींसाठी बंद झाला. दवाखान्यामागं नातेवाइकांनी स्वयंपाक करायचा पत्र्याचा आडोसा होता, तिथं मी चुलीवर पाणी खळाखळा उकळून, झाकून, निववून आणायचे. सिस्टर त्यानं जखमा धुवायची. हातमोजे कमी पडले की डॉक्टर कुठून तरी उसने आणायचे.

पण सुनेचं मन खचलं. वॉर्डात होती तोवर चार माणसं होती. खोलीत आल्यावर जो तो दारात थांबायचा. सिस्टर मोजे घातल्याशिवाय बोट लावायची नाही. मी अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा घालायचे आणि तिच्यापासून हातभर लांब बसायचे.

"आत्या," ती म्हणाली, "मला बाहेर बसवल्यासारखं करून राहिले सगळे. कावळा शिवल्यावानी."

"रडू नको. पट्टी ओली होती."

"तुमाला काही वाटतच न्हाई."

"वाटतं. हात धुऊन धुऊन माझ्या हाताची सालटं निघाली, त्याचं वाटतं."

चहावाली शेजारून म्हणाली, "भांडा, भांडा. मला करमून राहिलं."

खरी तकलीफ भेटायला येणाऱ्यांची होती. आमच्याकडं माणूस दवाखान्यात पडलं आणि भेटायला गेलं नाही, तर ते पुढं लग्नकार्यात निघतं. त्यामुळं जीप भरून लोक यायचे. आणि नुसतं पाहून जाणं म्हणजे भेटणं नाही. खाटेवर बसायचं, डोक्यावरून हात फिरवायचा, पट्टीचं टोक उचलून "लई भाजलं गं माय" म्हणायचं, बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचा. मी सांगायचे, जंतू आहे, लांब राहा. "व्हय, व्हय," म्हणत ते चपलांसकट आत. जंतू काही दिसत नाही, त्याला कोण भिणार? सिस्टर ओरडली की म्हणायचे, बाई फार तुसडी आहे.

आणि अशात माझी विहीण आली. हट्ट्याहून टेम्पो करून, भाऊ, भावजया, पुतणे, शेजारी, सगळे घेऊन. लेक भाजल्यावर तालुक्याच्या दवाखान्यात तिनं तिला पाहिलं होतं, पण नंतर घरात आजारपण निघाल्यानं तिला येता आलं नव्हतं. ती व्हरांड्यातून पळतच आली. मी खोलीच्या दारात उभी होते.

इथं एक मागचं सांगायला पाहिजे. माझा थोरला नातू हट्ट्याला झाला तेव्हा मी बघायला गेले होते. ऐन वैशाख. फाट्यावरून उन्हात चालत गेले. दारात पाऊल टाकलं तर या विहिणीनं मला उंबऱ्यावर अडवलं. पुढ्यात पाण्याची बादली आणि निखाऱ्यांची शेगडी. "इहीनबाई, आधी पाय धुवा, हात शेका. बाळंतिणीच्या खोलीत तसं कोनी जात न्हाई." बाहेर अंगाची लाही होत होती आणि मी शेगडीवर हात शेकत उभी! माझा नातू आत रडतोय आणि मी दारात. वरून चौकटीला बांधलेला कडुलिंबाचा पाला माझ्या डोक्यावर गळत होता. हे मी नंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तिला ऐकवलं आहे.

तर ती पळत आली आणि मी दोन्ही हात चौकटीला लावले.

"इहीनबाई, थांबा."

"सरका. माझी लेक हाय ती."

"तुमचीच हाय. आधी हात धुवा. कोपरापर्यंत. चपला बाहेर."

"मी घरून न्हाऊन आले."

"मंग परत धुवा."

"तुमी कोन मला आडवनाऱ्या? माझ्या पोटच्या पोरीला हात लावायला मला तुमचा हुकूम पाहिजे का?"

मागून तिचे भाऊ पुढं सरकायला लागले. पोलिसाला पडला तोच प्रश्न त्यांच्याही तोंडावर दिसत होता, की सासू पोरीला भेटू का देत नाही. जंतूचं सांगून काही उपयोग नव्हता, ते मी आधी करून पाहिलं होतं. मग माझ्या तोंडून निघालं:

"बाळंतिणीच्या खोलीत तसं कोनी जात न्हाई."

ती थांबली. तिला तिचेच शब्द ओळखू आले.

"कोन बाळंतीन?" मागून एका भावजयीनं विचारलं.

"दोघी हायेत आत," मी म्हणाले. "एक तुमची, एक वारंग्याची. पोटचं लेकरू नसलं तरी अंगावर नवी कातडी येनार हाय. ती लेकरासारखीच कवळी असती. बाहेरचं काही लागलं तर जगत न्हाई. आता या आत, तसंच जायचं आसंल तर."

कोणी हललं नाही. विहीण माझ्याकडं बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड वाकडं करून म्हणाली, "मंग शेगडी कुठंय?"

"शेगडी सरकारनं दिली न्हाई. साबन हाय."

ती हसली, आणि हसता हसता रडली. मग वळून सगळ्यांवर ओरडली, "चला, मागं व्हा सगळे! बाळंतिनीपाशी गडी मानसं काय करून राहिले? फोनवर बघा!"

नळावर जाऊन तिनं कोपरापर्यंत हात धुतले. मी बाजूला उभी राहून बघत होते. तिच्या पदराच्या टोकाला काही तरी गाठ मारलेलं होतं.

"पदरात काय हाय?"

"कुठं काय?"

"इहीनबाई."

"जराशी हळद. घरची हाय, जात्यावर दळलेली. म्हनलं पट्टीखाली जरा..."

"हळदीनंच भाजलंय तिला. आनखी किती लावायची?"

तिनं गाठ सोडून पुडी माझ्या हातात दिली. ती हळद त्या संध्याकाळी आडोशातल्या वरणात गेली आणि वरण लग्नातल्यासारखं पिवळंजर्द झालं.

झगा घालून ती आत गेली. लेकीपाशी वाकली आणि सवयीनं दोन्ही हात तिच्या गालांकडं नेले, दृष्ट काढायला. मी खाकरले. हात हवेतच थांबले. मग तिनं लांबूनच हवेत हात फिरवले आणि आपल्याच कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली.

"आई," सून म्हणाली, "हवेची दृष्ट काढली का?" खोलीत आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

"माझी बी काढा," चहावाली म्हणाली. "हवेची असली तरी चालंल."

विहिणीनं हात धुतले आणि तिचीही काढली.

त्यानंतर विहीण गेलीच नाही. दाराशी पोतं टाकून बसली आणि सिस्टरपेक्षा कडक झाली. कोणीही आलं की, "बाळंतिनीची खोली हाय. हात धुवा, उंबऱ्याबाहेरून बोला." हे सगळ्यांना समजायचं. म्हातारे गडी तर व्हरांड्याच्या तोंडावरूनच परत फिरायचे. फोनवर बोलायचं झालं तर सिस्टरनं फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायला शिकवलं होतं. विहिणीनं चौकटीला लिंबाचा डहाळा बांधला, तो सिस्टरनं काढला, धूळ आणि किडे येतात म्हणून. दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी डहाळा व्हरांड्याच्या बाहेरच्या दाराला गेला. पलीकडच्या पोरीच्या आईनंही तिच्या खाटेपाशी साबण आणून ठेवला. वॉर्डात हळूहळू लोक आपापल्या पेशंटला "आमची बाळंतीण" म्हणायला लागले. त्यात एक मिशीवाला ट्रॅक्टर ड्रायव्हरही बाळंतीण झाला.

नवीन इंजेक्शन दोघींना सुरू झालं. सुनेचे ओठ झिणझिणायचे, तोंडावर सूज आली. लघवी मापाच्या भांड्यात घेऊन सिस्टर रोज बघायची आणि आम्ही तिच्या चेहऱ्याकडं बघायचो. चहावालीची लघवी कमी होत गेली.

"माझं बाळंतपन उरकू द्या," ती म्हणायची, "फाट्यावर बारसं करू. सगळ्यायला माझ्याकडून चहा."

एका दुपारी तिला धाप लागली आणि ऊन उतरायच्या आत ती गेली. तिच्या भावाला यायला उशीर झाला. तोवर मी आणि विहीण तिच्यापाशी बसलो, झगे घालून, मोजे घालून. सिस्टरनं अडवलं नाही. तिनंच मोजे दिले होते.

खाट धुऊन काढली तेव्हा सून भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली.

"आत्या, आता मी का?"

मला खोटं बोलता येत नाही आणि शपथा घेता येत नाहीत. मी म्हणाले, "मला माहीत न्हाई. पन तू गेलीस तर मला तो पापड बी मिळनार न्हाई. म्हनून जाऊ नको."

ती भिंतीकडंच बघत म्हणाली, "पापड म्हनू नका. भाकर म्हना."

"भाकर," मी म्हणाले.

ताप एकदम गेला नाही. एक दिवस कमी, दुसऱ्या दिवशी परत, असं चाललं. मग एका सकाळी पट्टी सोडली तर कापड नुसतं ओलं होतं, हिरवं नव्हतं. सिस्टरनं ते उजेडात धरून पाहिलं, वास घेतला आणि डॉक्टरांना हाक मारली. ती वॉर्डभर ऐकू गेली. पुढं मांडीची कातडी काढून हातावर बसवली. ती धरली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा खरंच नवजात लेकरासारखी होती, गुलाबी आणि सुरकुतलेली. विहीण म्हणाली, "कोनावर गेली हो?" मी म्हणाले, "रंगानं तुमच्यावर."

घरी आलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. विहीण आधीच येऊन पायरीवर बादली आणि साबण मांडून बसली होती. देवळीतलं गोळ्यांचं डबडं मी काढायला लावलं. आता तिथं काडेपेटी असते. फाट्यावरून बस जाते तेव्हा ते चहाचं हॉटेल दिसतं. आता तिथं दुसरं कोणी आहे. मी एकदा उतरून चहा प्याले. पाणचट होता. ती खरं बोलत होती तर.

सुनेचा हात वाचला, पण बोटं आखडली होती. कातडी ओढायची. तळवा सगळा उघडायचा, बोटं ताणायची, मग मूठ, असं करायला दवाखान्यात शिकवलं होतं. मी रोज सकाळी तिच्या हाताला खोबरेल तेल चोळायचे आणि बोटं ताणायचे. ती मला शिव्या द्यायची. मोठ्यानं नाही, पण मला ऐकू येईल इतपत. मी परत द्यायचे. शेजारीण म्हणाली, एवढं दुखतं तर राहू द्या की. दोघींनी मिळून तिला घालवलं.

पुढच्या हळदीपर्यंत ती भाकरीला बसली नव्हती. मीच करत होते, माझ्या जाडीच्या, आणि लेकरं तोंड वेंगाडून खात होती. एक दिवस विहीण आली होती. सून उठली, कोपरापर्यंत हात धुतले, परात ओढली आणि मला म्हणाली, "सरका."

आम्ही दोघी विहिणी बघत बसलो. डाव्या हातानं ती पीठ फिरवत होती आणि उजव्यानं थापत होती. करंगळी उघडत नव्हती, त्यामुळं थाप एका बाजूला पडायची. काठ फुटला, तिनं तो चिमटीत दाबून जुळवला. सून ती तव्यावर टाकत होती तेव्हा विहिणीनं माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही.

भाकरी झाली. जाड, एका बाजूला अंगठ्याएवढी. तिनं ती माझ्या ताटात टाकली आणि रागानं त्या भाकरीकडं बघत राहिली. मी तुकडा मोडून खाल्ला.

"आता कशी माझ्यासारखी भाकर करायला लागलीस," मी म्हणाले.

"बोटं सुटली की परत पातळ करीन," ती म्हणाली. "सोकावू नका."